कोलंबोचा वैशाख आणि दानशाळेची रांग

चैत्र आणि वैशाख हे वसंताचे दोन महिने. आपल्या समाजात याच दोन महिन्यांत दोन मोठे दिवस येतात. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आणि वैशाखात बुद्ध पौर्णिमा. जयंतीला वस्तीत निळ्या झेंड्यांची मिरवणूक निघते, घरोघरी गोडधोड होते. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून आपण विहारात जातो, वंदना घेतो आणि खीरदान करतो.

समुद्रापलीकडच्या श्रीलंकेतही हेच दोन महिने सणाचे आणि खाण्याखिलवण्याचे असतात. एप्रिलच्या १३-१४ तारखेला सिंहली आणि तमिळ लोकांचे नववर्ष येते आणि मे महिन्यात वेसक येतो. वेसक म्हणजे आपला वैशाखच. या वेसकच्या दिवसांत कोलंबो शहराच्या रस्त्यारस्त्यावर लोक अन्न शिजवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून फुकट जेवू घालतात.

हे ऐकले होते; पाहावे असे फार दिवस मनात होते. वस्तीतल्या अकरा जणांनी मिळून तीन वर्षे भिशी लावली, पासपोर्ट काढले आणि २०२५ च्या मे महिन्यात आम्ही कोलंबोला गेलो. आमच्यात निवृत्त सफाई कामगार होते, एक परिचारिका होती, एक गिरणी कामगाराची विधवा होती, दोन कॉलेजची मुले होती. आणि पंचाहत्तरीच्या आक्का होत्या. आक्का कुणाच्या सख्ख्या नात्यातल्या नाहीत, पण वस्तीतल्या सर्वांच्या आक्का आहेत.

मुंबईहून कोलंबोचा विमानप्रवास अडीच तासांचा. गावी जायला एस. टी. ने याच्या तिप्पट वेळ लागतो, असे आमच्यातले एक काका म्हणाले ते काही खोटे नाही.

शब्दही ओळखीचे

कोलंबोत उतरल्यावर पहिला आनंद झाला तो भाषेचा. सिंहली लिपी आपल्याला वाचता येत नाही. परंतु शब्द कानावर पडले की कुठेतरी ऐकल्यासारखे वाटतात. दुधात शिजवलेल्या भाताला तिथे किरिबत म्हणतात. किरि म्हणजे क्षीर, दूध आणि बत म्हणजे भात. नारळाच्या दुधात तांदूळ शिजवून तो ताटात थापतात आणि वड्या पाडतात. वर लुणुमिरिस लावून खातात. लुण म्हणजे लवण, मीठ. मिरिस म्हणजे मिरची. कांदा, मीठ आणि लाल मिरची वाटून केलेला हा ठेचाच म्हणा. आमच्या मंडळींना तो पहिल्याच दिवशी आवडला.

नववर्षाला प्रत्येक घरी किरिबत होतो. त्याबरोबर तांदळाचे पीठ आणि गुळाचा पाक घालून तळलेले कवुम आणि साच्यात बुडवून तळलेले कुरकुरीत कोकिस असतात. ठरलेल्या मुहूर्तावर चूल पेटवायची, मडक्यात दूध उतू जाऊ द्यायचे आणि ठरलेल्या दिशेला तोंड करून पहिला घास घ्यायचा, अशी तिथली रीत आहे. मुहूर्ताचा भाग आपण घेण्यासारखा नाही. परंतु घरातली सर्व माणसे एकाच वेळी एकत्र बसून वर्षाचा पहिला घास घेतात, ही गोष्ट आम्हाला भावली. नववर्षाला कोलंबो शहर ओस पडते, कारण नोकरीसाठी आलेली माणसे आपापल्या गावी जातात. ज्याला शहराचा उत्सव पाहायचा आहे त्याने म्हणूनच मे महिन्यात, वेसकला जावे. नववर्षाचे कवुम आणि कोकिस तोवरही दुकानांतून मिळतात.

कंदील, तोरणे आणि मोकळे रस्ते

२०२५ साली वेसक पौर्णिमा १२ मे रोजी होती. श्रीलंकेत पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी अशी दोन दिवस सुट्टी असते. ही सुट्टी सहजासहजी मिळालेली नाही. इंग्रजांच्या राज्यात बौद्धांना त्यांच्या सर्वांत पवित्र दिवसाचीही रजा नव्हती. तिथल्या भिक्खूंनी आणि उपासकांनी मागणी लावून धरली, कर्नल ऑल्कॉट यांनी त्यांची बाजू मांडली आणि २८ एप्रिल १८८५ रोजी वेसकची पहिली सार्वजनिक सुट्टी साजरी झाली. आपण आज विहारावर जो पंचरंगी धम्मध्वज फडकावतो, तोही त्याच दिवशी कोलंबोच्या कोटहेना भागातील विहारात प्रथम चढला. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांना हे ठाऊक नव्हते. ध्वज रोज पाहतो, पण त्याचा जन्म कुठला हे विचारत नाही, असे एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला.

या दिवसांत कोलंबोत दारूची दुकाने बंद असतात, कत्तलखाने बंद असतात, मांसविक्री होत नाही. संध्याकाळ झाली की घराघरांवर बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचे कंदील लागतात. त्यांना वेसक कुडू म्हणतात. गंगारामय विहाराजवळच्या बेरा तलावाच्या काठी आणि बौद्धालोक मावत या रस्त्यावर कंदिलांची आरास पाहायला लाखो लोक लोटतात. पेट्टा, बोरेल्ला, तोटलंग या भागांतून चौकाचौकांत प्रचंड उंच तोरणे उभी करतात. हाही आपलाच शब्द. त्यावर जातककथेतील प्रसंग चितारलेले असतात आणि हजारो दिवे उघडझाप करीत असतात. एक माणूस कर्ण्यावरून ती कथा गाऊन सांगतो. भाषा कळत नसली तरी चित्रांवरून कथा कळते.

एवढी गर्दी होती, पण धक्काबुक्की नव्हती, दारूचा वास नव्हता. आमच्या बायामाणसे रात्री अकरा वाजेपर्यंत निर्धास्त फिरल्या.

दन्सल म्हणजे काय?

या रस्त्यांवर दर काही पावलांवर मांडव असतो आणि त्यापुढे रांग असते. हा मांडव म्हणजे दन्सल. दान आणि शाळा या दोन शब्दांचा हा जोड. आपण दानशाळा म्हणू. गल्लीतली तरुण मुले हातात झेंडे घेऊन रस्त्यात उभी राहतात, बसगाड्या आणि रिक्षा थांबवतात आणि आत या, खाऊन जा, असा आग्रह करतात.

कुठे गरम भात, डाळ आणि दोन भाज्या. कुठे उकडलेले साबुकंद आणि त्यावर खोबऱ्याची तिखट चटणी. कुठे मोहरी, मिरची आणि खोबऱ्याचे तुकडे घालून परतलेले हरभरे. त्यांना तिथे कडला म्हणतात. कुठे शेवया, कुठे पाव, कुठे कॉफी आणि बिस्किटे. एका ठिकाणी बेलाच्या वाळलेल्या फुलांचा काढा देत होते. त्याला बेलिमल म्हणतात. तो गोड नसतो. सोबत गुळाचा खडा देतात, तो चावत चावत काढा प्यायचा. उन्हातान्हात फिरून आल्यावर हा काढा पोटाला फार बरा वाटतो. सर्वांत लांब रांग मात्र आइस्क्रीमच्या दन्सलपुढे होती, आणि तिच्यात मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक दिसली.

हा सारा कारभार बेशिस्त असेल असे कुणाला वाटेल. तसे नाही. प्रत्येक दन्सलची आरोग्य खात्याकडे आधी नोंद करावी लागते. आरोग्य निरीक्षक येऊन पाणी, भांडी, स्वयंपाकाची जागा आणि वाढणाऱ्यांचे हात तपासतात. खर्च कुणी एक धनिक करीत नाही. गल्लीतल्या घरांची वर्गणी असते, कचेरीतल्या किंवा कारखान्यातल्या कामगारांची असते. कुणी तांदूळ देतो, कुणी नारळ देतो, ज्याच्याकडे काही नाही तो रात्रभर जागून कांदा चिरतो.

आक्का रांगेत उभ्या राहिनात

पौर्णिमेच्या दुपारी बोरेल्ला भागातल्या एका दन्सलपुढे आम्ही रांगेत उभे राहिलो. मागे वळून पाहतो तो आक्का रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभ्या. आमच्यातली परिचारिका त्यांना आणायला गेली आणि एकटीच परत आली. आक्का म्हणत होत्या, ‘तुम्ही जेवा. मी नाही उभी राहायची त्या रांगंत.’

आम्ही सर्वच रांग सोडून त्यांच्याकडे गेलो. ऊन लागले का, पाय दुखतात का, असे विचारू लागलो. तेव्हा आक्कांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते.

आक्कांचे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. गावात लग्नकार्य निघाले की आधी गाव जेवायचा. मग पंगती उठल्या की उरलेसुरले, कधी पत्रावळीवरचे सुद्धा, आपल्या माणसांच्या पदरात लांबून टाकले जायचे. आईबरोबर आक्का टोपले घेऊन तासन् तास उकिरड्याजवळ बसत. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला आणि आक्कांच्या वडिलांनी घरातले ते टोपले जाळले. आजपासून कुणाचे फुकटचे अन्न या घरात येणार नाही, असे सांगितले. पुढची दोन वर्षे त्या घराने अर्धपोटी काढली. गावाने काम देणे बंद केले होते. परंतु टोपले पुन्हा विणले नाही.

‘बापानं जाळलेलं टोपलं मी इथं परदेशात येऊन हातात घेऊ का?’ आक्कांनी विचारले.

आम्हाला उत्तर सुचेना. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी हेच तर सांगितले होते. शिळेपाके तुकडे मागणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा. त्या शिकवणुकीवर ज्यांनी उपास काढले, त्यांच्या लेकीला आम्ही फुकटच्या जेवणासाठी रांगेत चला म्हणत होतो.

देणारा कोण, घेणारा कोण?

आमची ही बोलाचाल मांडवातल्या एका बाईंनी लांबून पाहिली असावी. साठीच्या, पांढरी साडी नेसलेल्या त्या बाई रस्ता ओलांडून आल्या. आक्कांचे पांढरे केस पाहून त्यांनी हाक मारली, ‘अक्के, एन्न.’ सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि एन्न म्हणजे या. आक्का चमकल्या. ‘हिला माझं नाव कुणी सांगितलं?’ असे त्यांनी आम्हाला विचारले, तेव्हा सर्वांनाच हसू आले.

आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीने इंग्रजीतून त्या बाईंना आक्कांची अडचण सांगितली. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आक्कांचा हात धरून त्यांना रांगेत नाही, तर मांडवाच्या मागे, चुलीपाशी नेले. आम्हीही गेलो.

तिथे मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. बाईंनी दाखवले: हा तांदूळ आज सकाळी धुतला. हे उरलेले नाही, हे कुणाच्या पुढून उचललेले नाही. आमच्यापैकी अजून कुणी जेवलेले नाही. सर्व रांग जेवली की शेवटी आम्ही जेवतो. २०२२ साली आमच्या देशावर मोठे आर्थिक संकट आले, गॅससाठी आणि पेट्रोलसाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे होते. त्या वर्षी आमच्या गल्लीला तांदूळ परवडला नाही. आम्ही नुसता कोरा चहा दिला, पण दन्सल बंद ठेवली नाही. कारण गरज खाणाऱ्याची नसते, आमची असते. तुम्ही आला नाहीत तर आम्ही दान कुणाला देणार?

मग त्यांनी रांगेकडे बोट केले. रांगेत एक पोलीस होता. त्याच्या मागे डोक्यावर टोपी घातलेला मुसलमान हमाल, त्याच्या मागे मोटारीतून उतरलेले एक सुखवस्तू कुटुंब, मग दोन गोरे पर्यटक, मग रस्ता झाडणाऱ्या चार बाया. कुणी कुणाच्या पुढे घुसत नव्हता, कुणाला मागे उभे करीत नव्हते. वाढणारी मुले प्रत्येकाला ताट दोन्ही हातांनी देत होती. जेवून निघताना लोक ‘बोहोम पिन’ म्हणत होते. म्हणजे तुम्हाला पुष्कळ पुण्य लाभो.

आक्कांनी सगळे पाहिले. मग पदर खोचला आणि चुलीजवळच्या पाटावर बसून त्या कांदा चिरू लागल्या. कुणी नको म्हटले नाही. तासभर त्यांनी कांदा चिरला, मग उठून डाळीचे वरगळे हातात घेतले आणि रांगेला वाढू लागल्या. रस्ता झाडणाऱ्या बायांची पाळी आली तेव्हा त्यांनी दोन वरगळी जास्त घातली. मुंबईत स्वतः आक्कांनी तीस वर्षे झाडू मारला आहे.

दुपारी साडेतीनला रांग संपली आणि मांडवातली माणसे जेवायला बसली, त्या पंगतीत आक्का बसल्या. डाळ-भात, फणसाची भाजी आणि पापड. जेवून झाल्यावर म्हणाल्या, ‘बाप असता तर इथं जेवला असता.’

सर्वच गोड नाही

वाचक बंधु-भगिनींनो, हे लिहिताना आम्हाला कुणाला भुलवायचे नाही. श्रीलंकेतही जात आहे. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून जो निकाय स्थापन झाला, त्याने पुढे एका वरच्या जातीखेरीज इतरांना भिक्खूची दीक्षा देणे बंद केले. म्हणून सुमारे १८०० साली इतर जातींच्या श्रामणेरांना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशातील अमरपुरास जावे लागले. आजही तिथल्या वर्तमानपत्रांतील लग्नाच्या जाहिरातींत जात छापलेली सापडते. भगवान बुद्धांच्या धम्मात जातीला जागा नाही. माणसांनी मात्र ती मागच्या दाराने आत घेतली आहे.

बाबासाहेबांना याची जाणीव होती. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते श्रीलंकेत गेले, ते केवळ सत्कार घ्यायला नव्हे. लोक धम्म प्रत्यक्ष कसा पाळतात हे त्यांना पाहायचे होते. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. तो पांढराशुभ्र टाउन हॉल आजही उभा आहे. आम्ही त्याच्यासमोर उभे राहून जयभीम केला.

१९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणग्रंथातही बाबासाहेबांनी बजावले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत आणि जातीला आधार देणारी श्रद्धाच उखडायला हवी. तेव्हा एका दन्सलने समता आली असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की त्या रांगेत उभे असताना कुणी कुणाची जात विचारली नाही. ही गोष्ट लहान नाही. पण पुरेशीही नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आपल्यापैकी कुणी वेसकला जाणार असेल तर काही सूचना कराव्याशा वाटतात. पौर्णिमेची तारीख दर वर्षी बदलते, ती पाहून राहण्याची जागा दोन-तीन महिने आधी ठरवावी. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत. पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. विहारात पादत्राणे आणि टोपी काढावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अनादर समजतात. मे महिन्यात सायंकाळी पावसाची सर येते, छत्री बाळगावी. दन्सलमध्ये लागेल तेवढेच घ्यावे, ताटात टाकू नये आणि पुढच्यासाठी जागा रिकामी करावी. आणि जमल्यास आक्कांप्रमाणे तासभर हातभार लावावा. पाहुण्याला कुणी नको म्हणत नाही.

आपल्या वस्तीतली दानशाळा

ज्यांना एवढा प्रवास परवडणार नाही त्यांनी हळहळू नये. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपलेच कार्यकर्ते, आपल्याच कामगार संघटना लाखो लोकांना जेवण आणि पाणी देतात. तेही दन्सलच आहे. उणीव एवढीच की ते बहुधा आपण आपल्यालाच देतो. आपल्या मांडवाकडे शेजारच्या गल्लीतला माणूस क्वचित येतो आणि आपणही त्याला हाताला धरून आणत नाही.

कोलंबोहून परतल्यावर आक्कांनी वस्तीच्या महिला मंडळात विषय मांडला. बुद्ध पौर्णिमेला नाक्यावर मांडव घालायचा. हरभऱ्याची उसळ, पाव आणि लिंबाचे सरबत. घरटी वर्गणी, ज्याला जमत नाही त्याने कांदा चिरायचा. बस थांबवायच्या, रिक्षा थांबवायच्या, जो येईल त्याला ताट द्यायचे. एकाने शंका काढली, ‘आक्का, बाकीच्या समाजाची माणसं आपल्या हातचं खातील का?’

आक्का म्हणाल्या, ‘खातील ते खातील. न खाणाऱ्याला दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावू. अट एकच. पहिलं वाढायचं, उरलेलं नाही. आणि ताट दोन्ही हातांनी द्यायचं.’

मंडळाच्या वहीत हा ठराव लिहिला गेला आहे. वर्गणीचे पहिले शंभर रुपये आक्कांचे आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!